बोपदेव घाट: बारा किलोमीटर, घड्याळाशी गाठ

५ नोव्हेंबर २०२३, रविवार

१७ डिसेंबरच्या सायकल शर्यतीचा मार्ग ठरला. येवलेवाडीच्या बाजूने बोपदेव घाटाच्या पायथ्याशी सुरुवात, घाट चढून माथा, पलीकडे सासवड रस्त्याने बोपगावच्या अलीकडे वळसा, आणि त्याच रस्त्याने परत येऊन घाटमाथ्यावर शेवट. ढोबळमानाने चार किलोमीटर घाट, चार किलोमीटर सौम्य उतार आणि मग तोच उतार चढ म्हणून. अंतर ऐकून लोक म्हणतात, “एवढंच?” पण बारापैकी आठ किलोमीटर चढ आहे आणि कुणाच्या मागे लपायची सोय नाही. एकेकट्याला, एकेका मिनिटाच्या अंतराने सोडणार, ज्याचा वेळ कमी तो पुढे. पुढचा गाठला तरी त्याच्या मागे वाऱ्याच्या आडोशाला राहायचं नाही, बाजूने निघून जायचं.

शेवट माथ्यावर ठेवला हे आयोजकांनी फार शहाणपणाचं केलं. पुण्याच्या बाजूला घाट उतरताना समोरचं न दिसणारी वळणं आहेत, कडेला खडी असते, आणि सकाळी पुरंदरकडचे फळांचे, भाजीचे टेम्पो मार्केट यार्ड गाठायच्या घाईत असतात. त्या उतारावर घड्याळ लावणं मला पटलंच नसतं.

आज पूर्ण मार्गावर एक चाचणी केली. मुद्दाम काहीच ठरवलं नाही, अंगात येईल तशी सायकल हाणली. पुढच्या सहा आठवड्यांत काय बदललं ते कळायला असा एक आधार हवा असतो. घाट २३:४०, उतार ७:२५, परतीचा चढ १३:५५. एकूण ४५ मिनिटं. घाटाचे किलोमीटर सुटे करून पाहिले तर ५:०५, ५:४५, ६:१५, ६:३५. छातीवरच्या पट्ट्यात पहिल्या तीन मिनिटांतच नाडी १७० वर गेलेली दिसते आणि माथ्याजवळ ती १६२ वर आलेली. दम कमी लागला म्हणून उतरली नाही, पायांत काही उरलंच नव्हतं म्हणून उतरली.

८ नोव्हेंबर, बुधवार

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कागदावर हिशेब मांडला. दोन किलोमीटरचा चढ ताशी १२ च्या वेगाने चढला तर दहा मिनिटं लागतात. ताशी १३ ने चढला तर ९:१४. वाचले ४६ सेकंद. आता तितकाच उतार ताशी ४८ ने उतरला तर अडीच मिनिटं, आणि ४९ ने उतरला तर वाचतात जेमतेम तीन सेकंद. एक किलोमीटरचा वेग दोन्हीकडे वाढवला, पण फळ कुठे ४६ आणि कुठे तीन! शिवाय उतारावर तो एक किलोमीटर वाढवणं महाग पडतं, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनाने.

म्हणजे सपाट रस्त्यावरचा “सगळीकडे सारखा जोर” हा नियम इथे चालत नाही. चढावर सरासरीपेक्षा थोडा जास्त जोर लावायचा आणि उतारावर तो फेडून घ्यायचा. मात्र ‘थोडा’ हा शब्द अधोरेखित करून ठेवते. रविवारच्या पहिल्या किलोमीटरला जो जोर होता त्याला थोडा म्हणत नाहीत.

माझं वजन ५८ किलो, सायकल ९, कपडे-बूट-पाणी मिळून २. एकूण ६९. साडेपाच टक्के चढावर ताशी साडेदहाच्या वेगाला साधारण १२५ ते १३० वॅट लागतात. त्यातले जवळपास ८८ टक्के नुसतं वजन वर ओढण्यात जातात, ८ टक्के टायरच्या घर्षणात आणि हवेला फक्त चारेक टक्के. घाटात वारा नसेल तर हवेचा विचारच करायचा नाही. वजनाचा मात्र करायचा: एक किलो कमी झालं की घाटात सुमारे १८ सेकंद वाचतात. भरलेली पाऊण लिटरची बाटली म्हणजे १३ सेकंद. पाऊण तासाच्या शर्यतीला ती भरून न्यायची गरज नाही. आधी पोटभर पाणी पिऊन घ्यायचं आणि सोबत चार घोट ठेवायचे.

१२ नोव्हेंबर, रविवार

यंदा नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी. पहाटे हवेत फटाक्यांचा धूर इतका होता की जोराचं काही करणं फुप्फुसांवर अन्याय झाला असता. अभ्यंगस्नान, फराळ, आणि संध्याकाळी घरातच सायकल स्टँडवर चढवून चाळीस मिनिटं हलकी. चकलीला मी नाही म्हटलं नाही. सहा आठवड्यांसाठी सण सोडायचा नसतो.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

गिअर बदलले. पुढच्या चकत्या ५० आणि ३४ दातांच्या, त्या तशाच. मागची कॅसेट, म्हणजे चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, ११ ते २८ दातांची होती, ती काढून ११ ते ३२ ची बसवली. हिशेब असा: ३४ ला २८ लावला की पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण अडीच मीटर पुढे जाते. ताशी दहाच्या वेगाला मिनिटाला ६५ फेरे पडतात. ३२ लावला की तोच वेग ७५ फेऱ्यांत येतो. ६५ फेऱ्यांवर प्रत्येक दाब मांडीवर येतो, ७५ वर ते ओझं थोडं छातीकडे सरकतं. छाती पुढच्या उतारावर सावरते. एकदा भरून आलेली मांडी शर्यतीच्या वेळात सावरत नाही. दोन चढांच्या मार्गावर मला हा फरक कशाहीपेक्षा मोठा वाटतो.

दुकानात उभी राहून सगळं करून घेतलं. तिथल्या मुलाने नवी चेन डिरेल्युअरमधून (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवतो तो भाग) न ओवता आधी नुसतीच सगळ्यात मोठ्या पुढच्या आणि सगळ्यात मोठ्या मागच्या चकतीवरून गुंडाळली, टोकं जुळतात तिथे बोट ठेवलं, वर दोन कड्या सोडल्या आणि मग तोडली. “ताई, जुनीच ठेवली असती तर मोठ्या-मोठ्यावर गेल्यावर डिरेल्युअर ताणून मोडला असता.” मग मागचा छोटा स्क्रू थोडा थोडा आत घेत गेला. डिरेल्युअरचं वरचं छोटं चाक ३२ च्या दातांना घासत होतं, ते सुटेपर्यंत. शेवटी कानाजवळ चाक धरून फिरवलं आणि म्हणाला, “ऐका.” काहीच ऐकू आलं नाही. तेच हवं होतं.

१९ नोव्हेंबर, रविवार

सकाळऐवजी दुपारी चारला निघाले. अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना, त्यामुळे रस्त्यावर चिटपाखरू नाही. बोपदेव घाट रविवारी दुपारी एवढा मोकळा पुन्हा कधी मिळेल कोण जाणे.

घाटाच्या खालच्या भागात चार-चार मिनिटांचे चढ, मध्ये सावकाश खाली येऊन श्वास घ्यायचा. सोबत काका होते. त्यांनी तरुणपणी मुंबई-पुणे शर्यत केली आहे, बोरघाटातून, जिथे पुढे येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. आता ते मोटारसायकलवरून येतात आणि वळणावर हाताची घडी घालून उभे राहतात. पहिल्या फेरीनंतर म्हणाले, “अगं, पहिल्या मिनिटाला तोंड उघडं आहे तुझं. पहिलं मिनिट नाकाने घे. नाकाने घेता आलं नाही तर समज, जास्त झालं.”

नाडीचा आकडा मागाहून येतो, मिनिट-दीड मिनिट उशिरा. तो १६५ दाखवेपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं. नाक मात्र त्याच क्षणी सांगतं. दुसऱ्या फेरीपासून तसं केलं. सुरुवात इतकी हळू वाटते की कुणी बघितलं तर काय म्हणेल असं वाटावं. पण चौथ्या मिनिटाला वेग टिकलेला असतो, आणि शेवटची फेरी पहिलीपेक्षा चांगली झाली.

चहाच्या टपरीवर मोबाइलभोवती घोळका होता. विराट बाद झाल्याचं तिथेच कळलं. काकांनी चहा अर्धा ठेवला.

२७ नोव्हेंबर, सोमवार

काल-आज अवकाळी. राज्यात काही ठिकाणी गारा पडल्या, द्राक्षवाल्यांचे हाल झाले. त्यापुढे माझा चुकलेला सराव म्हणजे काहीच नाही. घरी स्टँडवर पाच-पाच मिनिटं मोठ्या गिअरवर, बसूनच. पाऊस थांबल्यावर घाटात वळणांवर माती वाहून आलेली असणार, दोन दिवस तिकडे जायचं नाही.

२ डिसेंबर, शनिवार

आजचा दिवस फक्त घाटमाथ्यासाठी. या मार्गावर सगळ्यात जास्त वेळ कुठे सांडतो असं कुणी विचारलं तर मी शंभर मीटरच्या त्या पट्ट्याकडे बोट दाखवीन, जिथे चढ संपतो आणि उतार अजून सुरू झालेला नसतो.

तिथे काय होतं ते जवळून पाहिलं. चढ सैल पडला की शरीराला वाटतं संपलं. पाय आपोआप थांबतात, पाठ ताठ होते, एक हात बाटलीकडे जातो. सायकल तेव्हा ताशी बारा-तेराने चाललेली असते आणि पुढचा उतार इतका सौम्य आहे की तो स्वतःहून वेग देत नाही. ताशी तीसला पोचायला मग पाऊण मिनिट लागतं, आणि त्या पाऊण मिनिटात आपण फुकट मिळणारा वेग गमावत असतो. तेच माथ्यावर आणखी वीस सेकंद दात-ओठ खाऊन मारले, वेग वर आला की मग पाय सोडले, तर उरलेला उतार विश्रांती घेत घेत त्याच वेगाने जाता येतो.

म्हणून क्रम बसवला. शेवटच्या वळणावर मागे दोन गिअर जड. चढ सैल पडताच उभं राहून दहा-बारा पायडल. मग पुढची मोठी चकती, पण मागे आधी दोन दात हलके करून, म्हणजे चेन चढताना पायाखालची जमीन सरकल्यासारखं होत नाही. ताशी अठ्ठावीस-तीस आले की बसायचं, कोपर वाकवायचे, हनुवटी खाली, आणि तेव्हा कुठे पहिला मोठा श्वास. पाणी त्यानंतर.

पुन्हा पुन्हा तेच करत राहिले. माथ्यावर गाडी लावून फोटो काढायला थांबलेल्या एका कुटुंबातल्या आजींनी शेवटी विचारलं, “बाई, काही हरवलंय का?” मी सांगितलं की शर्यतीचा सराव आहे. त्यांनी पिशवीतून दोन अंजिरं काढून हातावर ठेवली. पुरंदरची, खट्ट्या बहाराची, नुकती बाजारात यायला लागलेली.

६ डिसेंबर, बुधवार

गटातल्या एकाने विचारलं, हँडलवर पुढे टेकायच्या नळ्या लावणार का. विचार करण्यासारखं आहे. परतीच्या दोन टक्के चढावर ताशी अठराने जाताना ताकदीचा पाचवा हिस्सा तरी हवा खाते. घाटात हवेला जाणाऱ्या चार टक्के ताकदीशी तुलना केली तर हे खूप आहे. पण नळ्यांचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास, म्हणजे घाटात नऊ सेकंद गेले. शिवाय त्यांवर टेकल्यावर हात ब्रेकपासून लांब जातात आणि हा रस्ता रहदारीला खुला आहे. नाही लावणार. ब्रेकच्या हूडवर, म्हणजे लिव्हरच्या रबरी मुठींवर, मनगटं, कोपर काटकोनात, पाठ आडवी: यात बराचसा फायदा फुकट मिळतो. रोज संध्याकाळी स्टँडवर त्याच अवस्थेत दहा मिनिटं बसते आहे. मान अवघडते, पण आठवड्याने सवय होते.

हा प्रश्न मोठ्यांनाही पडतो. २०२० च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटून दुसऱ्या दिवशी, १९ सप्टेंबरला, ३६.२ किलोमीटरची घड्याळी शर्यत (टाइम ट्रायल) होती आणि शेवटी ला प्लांश दे बेल फीय ही खडी चढण. चढाच्या पायथ्याशी बऱ्याच स्वारांनी टाइम ट्रायलची जड, हवा कापणारी सायकल सोडून साधी हलकी सायकल घेतली. सकाळी तादेय पोगाचार ५७ सेकंदांनी मागे होता, संध्याकाळी प्रिमोझ रोग्लिचच्या ५९ सेकंद पुढे. दुसऱ्या दिवशी पॅरिसमध्ये आघाडीवाल्याचा पिवळा शर्ट त्याच्याच अंगावर राहिला. मी तो दिवस मोबाइलवर पाहिला होता. पोगाचारची हालचाल चढावरही खालच्या रस्त्यासारखीच होती, खांदे स्थिर, तोच ठेका. मला त्यातलं घेण्यासारखं एवढंच वाटतं, आणि ते पुष्कळ आहे.

१० डिसेंबर, रविवार

वळशाचा सराव. रस्ता अरुंद, मध्ये स्वयंसेवक झेंडा घेऊन उभा राहणार आणि त्याला वळसा घालून परत फिरायचं. वळणाआधी पंधरा-वीस मीटरवर गिअर हलका करून घेतला नाही तर वळल्यावर चढाला तोंड देताना जड गिअरवर पाय अडकतो. वळताना आतला पाय वर, बाहेरच्या पायावर वजन, आणि नजर झेंड्याकडे नाही, परतीच्या रस्त्याकडे. नजर जाते तिकडे सायकल जाते.

परतीच्या चार किलोमीटरचा स्वभावही आज ओळखीचा झाला. डोळ्यांना सपाट वाटतो, पाय सांगतात चढ आहे. मध्ये उठाव आहेत, त्यांवर एक गिअर हलका करून तोच ठेका ठेवायचा. कानिफनाथांचा डोंगर ओळखीची खूण म्हणून बरा. सकाळी दर्शनाला जाणाऱ्या दुचाकी वाढतात, आयोजकांना सांगून पहिली सुटका सातला ठेवायला लावली.

१४ डिसेंबर, गुरुवार

या आठवड्यात फक्त आखूड आणि चपळ. टायर पुसून बारीक काचा बघितल्या, एक खडा कोरून काढला. हवा पुढे ८०, मागे ८५ पीएसआय. माझ्या वजनाला १०० भरायची गरज नाही. घाटातल्या खडबडीत डांबरावर जास्त हवा भरलेली सायकल नुसती उडते आणि उडण्यात गेलेली ताकद पुढे नेत नाही.

१७ डिसेंबर, रविवार

अंधारात निघाले, सव्वासहाला पायथ्याशी. थंडी बोचरी, वारा पडलेला.

अर्धा तास अंग गरम केलं. आधी पंधरा मिनिटं गप्पा मारता येतील इतपत, मग एकेका मिनिटाचे तीन जोर, शेवटची पाच मिनिटं पुन्हा हलकी. शर्यत जितकी आखूड तितकी ही तयारी मोठी लागते. थंड पायांनी घाटाला हात घातला की पहिली पाच मिनिटं उधारीवर जातात.

पाठीला नंबर लावून थंडीत रांगेत उभे असताना एका मुलाने विचारलं की एकेकट्याला सोडायची ही पद्धत आली कुठून. इंग्लंडातून. तिथे १८९० च्या दशकात रस्त्यावरच्या घोळक्याच्या शर्यतींना विरोध झाला, घोडे बिथरायचे, पोलीस मागे लागायचे. एफ. टी. बिडलेक यांच्या पुढाकाराने १८९५ मध्ये स्वारांना एकेकटं, अंतर ठेवून सोडायला सुरुवात झाली, म्हणजे शर्यत आहे हे बघणाऱ्याला कळू नये. पुढे कित्येक वर्षं तिथले स्वार पहाटे, काळ्या कपड्यांत जमायचे आणि मार्गांना सांकेतिक नावं असायची. “म्हणजे आपण पहाटे उठतो ते त्यांच्यामुळे?” तो म्हणाला. काही अंशी हो.

सात वाजून बारा मिनिटांनी माझी पाळी. मागून एका ताईंनी सीट धरली, दोन्ही बूट पायडलमध्ये अडकवलेले, पाच, चार, तीन, दोन, एक.

नाकाने श्वास. पहिलं मिनिट खरंच मंद वाटलं. माझ्या मागे सुटलेली मुलगी दुसऱ्या किलोमीटरच्या आधीच बाजूने निघून गेली आणि तिच्या मागे जाण्याची ऊर्मी आली ती ३२ दातांवर पाय फिरवत गिळली. नाडी पहिल्या किलोमीटरअखेर १५८. मग १६४, १६६. वळणावर आतल्या बाजूला चढ जास्त असतो म्हणून बाहेरून गेले, दोन-चार मीटर जास्त पण पाय अडखळत नाही. तिसऱ्या किलोमीटरला मांड्या तापल्या, तरी ठेका ७२ ते ७५ च्या मध्ये राहिला. तिथेच ती मुलगी पुन्हा दिसायला लागली. शेवटच्या वळणावर काका उभे होते. ओरडले नाहीत, फक्त हाताने ‘गिअर’ अशी खूण केली. दोन गिअर जड, उभी राहिले, बारा पायडल, मोठी चकती, आणि ताशी एकोणतीस बघितल्यावरच बसले. तिला तिथे, उताराच्या तोंडाशी, मागे टाकलं. तिचा हात बाटलीवर होता.

उतारावर पायांना विश्रांती दिली आणि त्याबद्दल मनात काही खंत येऊ दिली नाही. वळसा नीट झाला. परतीचा चढ सगळ्यात कठीण गेला. पाठ आडवी ठेवून बसायचं म्हणजे पोट आणि मांडी श्वासाची जागा अडवतात, उठावांवर डोळ्यांपुढे बारीक ठिपके आले. शेवटचा अर्धा किलोमीटर बसून निघत नव्हता, म्हणून दहा उभं, वीस बसून, असं मोजत गेले. रेषेनंतर सायकल कडेला लावली आणि हँडलवर कपाळ टेकून बराच वेळ तशीच उभी होते. कुणीतरी पाठीवर जाकीट टाकलं.

४२:३०. महिलांमध्ये चौथा क्रमांक. ज्या मुलीला माथ्यावर मागे टाकलं तिने परतीच्या चढावर चांगली झुंज दिली आणि अकरा सेकंदांनी मागे राहिली. तिची ही पहिलीच शर्यत. तिला माथ्यावरच्या त्या शंभर मीटरबद्दल सगळं सांगितलं, गिअरच्या क्रमासकट. पुढच्या वेळी ती मला हरवेल आणि मला ते आवडेल.

१९ डिसेंबर, मंगळवार

आकडे उतरवून घेते. घाट २२:०५, किलोमीटरवार ५:३०, ५:३५, ५:३५, ५:२५. पहिल्या किलोमीटरला नोव्हेंबरपेक्षा २५ सेकंद जास्त दिले आणि पुढच्या तिघांत दोन मिनिटं परत मिळाली. उतार ७:२०, म्हणजे पाचच सेकंदांचा फरक, आणि तोही बहुधा माथ्यावर लवकर वेग घेतल्यामुळे. परतीचा चढ १३:०५, पन्नास सेकंद कमी.

वळशानंतरच्या पहिल्या किलोमीटरचा वेग बाकीच्या तिघांपेक्षा मंद आहे. उतारावर पाय गार पडतात आणि एकदम चढ लागला की जागे व्हायला वेळ घेतात. पुढच्या महिन्यापासून उताराची शेवटची तीस सेकंद हलक्या गिअरवर भराभर पाय फिरवून वळशाला यायचं, आणि हा तुकडा आठवड्यातून एकदा सुटा करायचा: भिवरीकडून वळशापर्यंत, वळून परत भिवरीपर्यंत. काकांना विचारलं. शनिवारी सातला येतो म्हणाले.